प्रतिध्वनीचे मौन

श्रीवर्धनच्या जीवना बंदरातून समुद्रावर जाणाऱ्या आपल्या कोळी बांधवांना प्रतिध्वनीचे शास्त्र नवे नाही. पूर्वी दोरीला वजन बांधून पाण्याची खोली वावांत मोजत. आता हे काम ध्वनी करतो. नौकेच्या तळाशी बसवलेले यंत्र पाण्यात ध्वनीचा स्पंद सोडते आणि तो समुद्रतळावर आदळून परत येतो. समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर असतो. स्पंदाला जाऊन येण्यास ०.०२ सेकंद लागले, तर एकूण प्रवास ३० मीटर, म्हणजे खोली १५ मीटर. हेच गणित आज माणसांत वावरणाऱ्या सेवक रोबोटांच्या उपयोगी पडत आहे.

२०२० साली करोनाच्या साथीत मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाने रुग्णसेवेसाठी ‘रक्षक’ नावाचा रोबोट तयार केला. तो दूरनियंत्रित होता. म्हणजे त्याला चालवणारा माणूस होता. परंतु रोबोट जेव्हा स्वतःच चालू लागतो, तेव्हा समोर भिंत आहे की माणूस, हे त्याचे त्यालाच जाणावे लागते.

यासाठी अनेक रोबोटांवर श्राव्यातीत ध्वनीचे संवेदक असतात. त्यांची कंप्रता बहुधा ४०,००० हर्ट्झ असते. माणसाचा कान सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतच ऐकतो, म्हणून हा ध्वनी आपणांस जाणवत नाही. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३५० मीटर असतो. प्रतिध्वनी ०.०१ सेकंदात आला, तर अडथळा १.७५ मीटरवर आहे. शून्य अंशाचा ३३१ मीटर हा वेग धरून हेच गणित केले, तर सुमारे १० सेंटिमीटरची चूक होते. हे अंतर एका पावलाच्या निम्म्याहूनही कमी. पण एखाद्याचा पाय चिरडण्यास तेवढे पुरे.

कॅमेरा असताना ध्वनी कशाला, असा प्रश्न पडेल. काळोखात कॅमेरा निरुपयोगी ठरतो. स्वच्छ काचेतून प्रकाश आरपार जातो, त्यामुळे काचेचे दार कॅमेऱ्याला आणि लेझरलाही फसवू शकते. ध्वनी मात्र काचेवरून परततो.

तथापि ध्वनीही फसवतो. भिंत तिरपी असेल, तर स्पंद भलतीकडे परावर्तित होतो. जाड पडदा, गोधडी, लोकरी शाल ध्वनी शोषून घेतात. रुग्णालयाच्या ओसरीत शाल पांघरून बसलेल्या आजीकडून क्षीण प्रतिध्वनी येईल, कदाचित येणारही नाही. अशा वेळी यंत्राने ‘उत्तर आले नाही, म्हणून वाट मोकळी आहे’ असा निष्कर्ष काढला, तर अनर्थ ओढवेल. प्रतिध्वनी न येणे हा अडथळा नसल्याचा पुरावा नव्हे. म्हणूनच ध्वनी, प्रकाश व स्पर्श यांचे संवेदक एकमेकांना पडताळतात, आणि शंका आली की रोबोटने वेग कमी करावा अथवा थांबावा, असा दंडक घालावा लागतो. सेकंदाला १ मीटर वेगाने जाणाऱ्या रोबोटला निर्णयास ०.२ सेकंद लागले, तर ब्रेक लागण्यापूर्वीच तो २० सेंटिमीटर पुढे गेलेला असतो.

ध्वनीचा आणखी एक उपयोग आहे. वळणापलीकडून धावत येणारे मूल कॅमेऱ्याला दिसत नाही, पण त्याची पावले ऐकू येतात. रोबोटवर अनेक मायक्रोफोन बसवले, तर प्रत्येकापर्यंत ध्वनी पोहोचण्याच्या वेळेतील सूक्ष्म फरकावरून दिशेचा अंदाज बांधता येतो. मात्र भिंतींवरून येणारे पडसाद व स्वतःच्या मोटारीची घरघर यांतून ती पावले निवडून काढणे कठीण असते. आपलाच आवाज मोठा असेल, तर दुसऱ्याची चाहूल लागत नाही.

विद्यार्थ्यांनी एक प्रयोग अवश्य करावा. अल्प खर्चाचा श्राव्यातीत संवेदक घेऊन प्रथम सपाट भिंतीचे, मग तिरप्या फळीचे आणि शेवटी घडी घातलेल्या गोधडीचे अंतर मोजावे. प्रत्येक नोंद मोजपट्टीने पडताळावी. जेथे यंत्र निरुत्तर होईल, ती जागा वहीत ठळकपणे लिहावी. उद्या तुमच्यापैकी कोणी असा रोबोट घडवील, तेव्हा त्याच्या वाटेत बसलेल्या आजीची सुरक्षितता त्या नोंदीवर अवलंबून असेल.