क्राफ्ट बिअर चाखताय? आधी खर्चाचा हिशेब बघा

पहिल्या भेटीत पूर्ण ग्लास मागवू नका. सॅम्पलर मागा. लाकडी पट्टीवर चार ते सहा छोटे ग्लास येतात, प्रत्येकात साधारण ९० ते १०० मिली. पुण्या-मुंबईच्या टॅपरूममध्ये ही पट्टी साधारण चारशे ते सातशे रुपयांना पडते. अर्ध्या लिटरचा एक ग्लास साडेतीनशे ते सहाशेला. म्हणजे जवळपास तेवढ्याच पैशांत चार-पाच प्रकार कळतात. पाच टक्के अल्कोहोलच्या बिअरच्या, १०० मिलीच्या चार छोट्या ग्लासांत मिळून २० मिली अल्कोहोल असतं, अर्ध्या लिटरच्या एकाच ग्लासात २५ मिली. पट्टीचे पैसेही खर्चायच्या आधी सरळ विचारा, ‘एक घोट चव बघायला मिळेल का?’ बऱ्याच ठिकाणी तो फुकट देतात. मेन्यूवर लिहिलेलं मात्र नसतं.

आधी परवाना. महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी, बाळगण्यासाठी तो लागतो, आणि बिअर त्यातून सुटलेली नाही. एक दिवसाचा ५ रुपये, वर्षाचा १०० रुपये, आजीवन १,००० रुपये. छंद वर्षानुवर्षं टिकणार असं वाटत असेल तर आजीवनच काढा. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या संकेतस्थळावर अर्ज होतो. फोटो, वयाचा पुरावा आणि पत्त्याचा पुरावा तयार ठेवा. एजंटची गरज नाही. बिअरसाठी वय २१ पूर्ण हवं, कडक दारूसाठी २५. औषधं चालू असतील किंवा घरात बाळाची चाहूल असेल तर हा छंद पुढे ढकला.

कुठे जायचं? पुण्यात राहत असाल तर तुम्ही नशीबवान. राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी (बिअर तिथेच बनवणारं छोटं ठिकाण), डूलाली, २००९ साली इथेच सुरू झाली. त्यानंतर इंडिपेंडन्स, एफिंगट, ग्रेट स्टेट एलवर्क्स अशी नावं आली. जायची वेळ आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारी चार ते सातच्या आसपास. तेव्हा हॅपी अवर्सचा दर मिळतो, गर्दी नसते आणि काउंटरवरचा माणूस बोलायला मोकळा असतो. त्याला एकच प्रश्न विचारा: ‘सगळ्यात ताजा बॅच कोणता?’ शनिवारी रात्री हे विचारलंत तर उत्तर ऐकूच येणार नाही.

आता बिल. खरी गळती इथे होते. समजा तुम्ही ८०० रुपयांची बिअर आणि ५०० रुपयांचं खाणं घेतलं. बिअरवर जीएसटी नसतो, परमिट रूमचा व्हॅट असतो; नोव्हेंबर २०२३ पासून तो १० टक्के झाला. म्हणजे ८० रुपये. खाण्यावर साध्या रेस्टॉरंटमध्ये ५ टक्के जीएसटी, म्हणजे २५. एकूण १,४०५. मूळ १,३०० रुपयांवर कुणी १० टक्के ‘सर्व्हिस चार्ज’ लावला तर आणखी १३० गेले. तो द्यायचं तुमच्यावर बंधन नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत आपोआप सर्व्हिस चार्ज लावायला मनाई केली आहे, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्या सूचना योग्य ठरवल्या. एका ठिकाणी माझ्या बिलात हीच रक्कम वेगळ्या नावानं आली होती. दोन वेळा शांतपणे ‘हे कशाचे?’ असं विचारल्यावर काढली. तुम्हीही विचारा. काढत नसतील तर बिलाचा फोटो घ्या आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. बिअरवर जीएसटी लावलेला दिसला तर तो सरळ चूक आहे, पैसे देण्याआधीच दुरुस्त करून घ्या.

‘पाइंट’ या शब्दावर विसंबू नका. आपल्याकडच्या दुकानात पाइंट म्हणजे ३३० मिलीची बाटली, ब्रिटनमध्ये ५६८ मिली, अमेरिकेत ४७३. मेन्यूवर नुसतं ‘पाइंट’ असेल तर किती मिली ते विचारा आणि भाव मिलीवर काढून बघा. फेस हवाच, दोन-तीन बोटं. पण अर्धा ग्लास फेस असेल तर भरून मागायला लाजू नका.

दुकानातून कॅन घेणार असाल तर आधी तळाची तारीख वाचा. ५०० मिलीचे क्राफ्ट कॅन साधारण दीडशे ते अडीचशेत येतात, त्यामुळे ‘ऑफर’ दिसली की हात पुढे जातो. माझा गेला होता. आयपीएचे, म्हणजे हॉप्सच्या फुलांचा वास मिरवणाऱ्या कडू बिअरचे, चार कॅन निम्म्या भावात घेतले, घरी येऊन तारीख बघितली तर आठ महिने उलटलेले. संत्र्या-आंब्याचा वास हवा होता, आला ओल्या पुठ्ठ्याचा. हॉप्सचा वास सगळ्यात आधी उडतो, म्हणून आयपीए तीन महिन्यांच्या आतलीच घ्या, तीही फ्रिजमधली. उन्हाळ्यात फळीवर ठेवलेली घेऊच नका. स्टाउटसारख्या गडद, दणकट बिअरला थोडी सवलत चालते. आणि ‘थंड करण्याचे’ म्हणून छापील किमतीवर दहा-वीस रुपये मागितले तर देऊ नका. कमाल किरकोळ किमतीत सगळे कर आलेले असतात, आणि गार कॅनलाही तीच किंमत लागू आहे.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात शिकवणारा मार्ग घरचा आहे. पाच जण जमा. ५०० मिलीचे सहा वेगवेगळे कॅन आणा. कॅनला २०० रुपये धरले तर १,२०० रुपये, माणशी २४०. प्रत्येकाच्या वाट्याला प्रत्येक बिअरचे बरोबर १०० मिली येतात. ग्लास वरून किंचित आत वळलेला हवा, म्हणजे वास कोंडून राहतो. वाइनचा छोटा ग्लास चालतो, दोन-तीनशे रुपयांचा. महागडे ‘टेस्टिंग सेट’ नकोत. ग्लास स्वच्छ आहे का ते बघायचं तर आतून ओला करा आणि चिमूटभर मीठ भुरभुरवा. मीठ सगळीकडे सारखं चिकटलं तर स्वच्छ. मध्ये मोकळे पट्टे राहिले तर तिथे तेलकटपणा आहे, तो फेस मारणार. पुन्हा धुवा. क्रम फिक्याकडून गडदाकडे, कमी कडूकडून जास्त कडूकडे. लागर गार ठेवा, पण स्टाउट फ्रिजमधून काढून पंधरा मिनिटं बाहेर राहू द्या, बर्फगार स्टाउटला चवच नसते. चकण्याला मसाला शेंगदाणे, लसणाची शेव नको. साधे कुरमुरे किंवा पाव आणि भरपूर पाणी. अत्तर, अगरबत्ती, शेजारच्या गॅसवर फोडणी, यातलं काहीही चालू असेल तर नोंदी वाया गेल्या म्हणून समजा.

नोंद लिहिताना इंग्रजी शब्द उसने घेऊ नका. याबद्दल माझा हट्ट आहे. उन्हानं बिघडलेल्या बिअरला इंग्रजीत ‘स्कंक’ म्हणतात. तो प्राणी आपण हुंगलेला नाही, मग तो शब्द लिहून तुम्हाला काय आठवणार? स्वतः करून बघा, खर्च एका बाटलीचा. हिरव्या बाटलीतली लागर दोन ग्लासांत ओता, एक खिडकीतल्या कडक उन्हात अर्धा तास ठेवा, दुसरा कपाटात. मग आळीपाळीनं हुंगा. मला पहिल्यात जळक्या रबराचा आणि गांजाचा वास येतो. तुम्हाला जो येईल तो लिहा. आपल्या स्वयंपाकघरात या छंदाची सगळी शब्दसंपत्ती आहे. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, तो गुणच आहे. स्टाउटमध्ये कोरी कॉफी, करपत आलेला गूळ, भाजलेले दाणे. आंबट बिअरमध्ये कोकम, चिंच, ताक. पण शिजलेल्या मक्याचा किंवा कोबीचा वास, थिएटरातल्या पॉपकॉर्नसारखा लोण्याचा वास, हिरव्या सफरचंदाचा कच्चा वास आला तर बहुतेक वेळा बनवण्यात काही चुकलेलं असतं. टॅपरूममध्ये असा ग्लास आला तर सांगा आणि बदलून मागा.

गुण द्यायला नवी पद्धत शोधू नका. बीजेसीपी या परीक्षक संस्थेचा तक्ता फुकट मिळतो, एकूण ५० गुण: वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला स्पर्श ५, एकूण परिणाम १०. रूपाला फक्त तीन आहेत हे लक्षात ठेवा, छान फोटो येतो म्हणून बिअर चांगली ठरत नाही. नोंदींसाठी अनटॅप्ड या बिअर-नोंदींच्या अ‍ॅपचं फुकट खातं पुरतं, पैसे भरायचं सदस्यत्व पहिल्या वर्षी घेऊ नका. सोबत वही ठेवाच. रेटबिअर ही जुनी नोंदवही-सेवा फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. ज्यांनी स्वतःची प्रत ठेवली नव्हती त्यांचे वर्षानुवर्षांचे शेरे गेले. परीक्षा, प्रमाणपत्रं यांची फी डॉलरमध्ये असते. शंभर नोंदी होईपर्यंत तिकडे वळू नका.

तुमचे शेरे वाचून कुणी फुकट कॅन पाठवू लागलं तर ते शेऱ्यात स्पष्ट लिहा. पैसे घेऊन तारीफ तर नकोच: दारूबंदी कायद्यात मद्याच्या जाहिरातीला मनाई आहे. घरी बिअर बनवायचं साहित्य सहज मिळतं, पण परवान्याशिवाय बनवणं हा गुन्हा आहे.

येण्या-जाण्याचे पैसे आधीच बाजूला काढा. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. चारच छोटे ग्लास घेतले हे कारण चालत नाही. दुचाकीही नको. कॅबचे तीनशे-चारशे हा छंदाचाच खर्च धरा.

गोव्यात कर कमी, म्हणून बिअर स्वस्त. तिथे चाखा, नोंद करा, पण येताना आणू नका. ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ असं बाटलीवरच छापलेलं असतं आणि सीमेजवळच्या इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासतात. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला मात्र सांगता येतं: प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं. ३३० मिलीच्या सहा बाटल्या म्हणजे १,९८० मिली. सातवी आणली की शुल्क. बाटल्या चेक-इन बॅगेत, प्रत्येक जाड मोज्यात घालून आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून.

बेत ठरवण्याआधी कॅलेंडर बघा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी या दिवशी दुकानं बंद असतात, आणि निवडणूक असेल तर मतदान संपण्याआधीचे ४८ तासही. त्या आठवड्यासाठीची खरेदी दोन दिवस आधी करा, पण जास्तीचे कॅन भरून ठेवू नका. तळाची तारीख तुमच्या फ्रिजमध्येही पुढे सरकतेच.