गाणं अडतं ते स्वस्त वस्तूपाशी

नव्याने कार्यक्रम करू लागलेली पोरं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘ताई, माइक कुठला घेऊ?’ मी नाव सांगायचं टाळते. शूअरचा एसएम ५८ हा माइक १९६६ पासून बाजारात आहे आणि गावोगावच्या मंडपांत आजही तोच किंवा त्याची नक्कल उभी असते. त्यावर गाता येतं, एवढं पुरे. इतक्या वर्षांत माइकने माझा कार्यक्रम कधी बंद पाडलेला नाही. तो बंद पाडला आहे चौकोनी सेलने, ढिल्या पिनेने, एक्स्टेन्शन बोर्डाने.

आमचा संच छोटा आहे. मी गाते आणि पेटी वाजवते, बरोबर एक तबलजी आणि एक गिटारवाला. साउंड त्या त्या गावचा. नदीकाठच्या एका मंडपात तिसऱ्या गाण्याला गिटारचा आवाज फाटायला लागला. आधी खर्जाच्या तारा घोगऱ्या झाल्या. साउंडवाल्या दादांनी आवाज वाढवला, तसा तो आणखी फाटला. जॅक बदलला, चॅनेल बदललं, मिक्सरवर थापा मारून झाल्या. लोक मोबाइल काढून बसले. दोष होता गिटारच्या पोटातल्या नऊ व्होल्टच्या सेलचा. पिकअपवाल्या बहुतेक गिटारींत जॅक आत गेला की सर्किट चालू होतं, मग तुम्ही वाजवा किंवा झोपा. आमची गिटार दुपारपासून जॅकसकट स्टँडवर उभी होती. असा सेल दिवा गेल्यासारखा एका क्षणात जात नाही. तो हळूहळू आवाज खराब करत जातो, म्हणून संशय भलतीकडेच जातो. तेव्हापासून वाजवणं थांबलं की जॅक बाहेर, आणि पेटीच्या खोक्यात एक कोरा सेल कायम. तो पाकिटातून काढून ठेवलेला नको, पाकीटबंदच हवा. सुटा सेल नवा की जुना हे ऐनवेळी कुणालाच आठवत नाही.

दुसरा किस्सा एका गॅदरिंगचा. एका मुलीला फोनवरच्या ट्रॅकवर गायचं होतं. फोनची पिन थेट मिक्सरच्या माइकच्या चॅनेलला लावली. ट्रॅक सुरू झाला आणि ढोलकी गायब, बेस गायब, लांबून व्हायोलिनं तेवढी ऐकू येत होती. सगळे म्हणाले, ट्रॅक खराब आहे. ट्रॅक उत्तम होता. माइकच्या चॅनेलला आवाज दोन तारांवरून येतो आणि मिक्सर एकीतून दुसरी वजा करतो. लांब केबलीत दोन्ही तारांवर सारखाच शिरलेला गोंगाट असा कापला जातो, ही त्यातली हुशारी. फोनच्या पिनेत मात्र एका तारेवर डाव्या कानाचा आवाज असतो, दुसरीवर उजव्या कानाचा. दोन्हींत जे सारखं, म्हणजे ट्रॅकच्या मधोमध ठेवलेलं सगळं, ते वजा होऊन जातं. ढोलकी आणि बेस नेहमी मधोमधच असतात. यावर उपाय म्हणजे एका बाजूला फोनची पिन आणि दुसऱ्या बाजूला दोन सुट्या पिना असलेली ‘वाय’ केबल, दोन चॅनेलना लावायची. तीसुद्धा स्वतःची न्यावी. आणि फोन फ्लाइट मोडवर टाकावा, नाहीतर ट्रॅकमध्ये कुणाच्या तरी लग्नपत्रिकेची ‘टिंग’ सगळ्या मंडपाला ऐकू जाते.

या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे अर्थिंग. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सी शहरात ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस हार्वी भर कार्यक्रमात विजेच्या धक्क्याने गेला. अर्थिंग नसलेल्या माइकला त्याचा हात लागला होता. आपल्याकडे मंडपात काय असतं ते आठवा. जनरेटर, चिखलातून ओढलेली वायर, टेपने गुंडाळलेले जोड, आणि तिसरी पिन कापून टाकलेला बोर्ड. ती पिन कापण्याचं कारणही संगीताचंच असतं. स्पीकरमधून ‘हूंऽऽ’ असा घुमणारा आवाज येतो आणि अर्थिंग तोडलं की तो थांबतो. ही घरघर आपल्या विजेच्या ५० हर्ट्झची. दोन उपकरणं दोन वेगळ्या जागी अर्थ झाली की त्यांच्यात ती खेळत राहते. ती घालवायला डीआय बॉक्सवर, म्हणजे वाद्य आणि मिक्सर यांच्यामध्ये लावायच्या छोट्या डबीवर, ‘ग्राउंड लिफ्ट’ नावाचं बटण असतं. ते फक्त आवाजाच्या केबलीतली जोडणी तोडतं, विजेचं अर्थिंग शाबूत राहतं. लॅपटॉपवरून ट्रॅक वाजत असेल तर आधी त्याचा चार्जर काढून बघा, बऱ्याचदा घरघर तिथेच संपते. ओठांना माइकची जाळी लागून मुंग्या आल्या तर ‘चालतंय, लाइट करंट आहे’ असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका. मी अशा वेळी गायला बसत नाही. आयोजक रागावतात, रागावू देत.

साउंडवाल्याशी नातं हा वेगळाच विषय आहे. त्याच्या हाताखाली आपला घसा असतो, हे न कळणारे कलाकार स्टेजवरून माइकमध्ये त्याला झापतात. मी आधी जाऊन नाव विचारते, चहा घेते, आणि आमचं काय काय आहे ते एका कागदावर लिहून देते: गाणं एक, पेटी एक, तबला दोन, गिटार डीआयवर. एवढ्याने अर्धा गोंधळ टळतो. मग एकच विनंती, ‘दादा, एको जरा कमी.’ आपल्याकडे एको हा पाहुणचाराचा भाग समजतात. निवेदकाला तो शोभतो. पण माझी तान त्यात अशी लडबडते की तबलजीला समेची जागा सापडत नाही.

मॉनिटर, म्हणजे आपला आवाज आपल्यालाच ऐकवणारा स्पीकर, कुठे ठेवायचा हेही आपणच सांगावं. नेहमीच्या माइकला समोरचं ऐकू येतं आणि थेट पाठीमागचं सगळ्यात कमी. म्हणून मॉनिटर माइकच्या बरोबर पाठीशी, आपल्याकडे तोंड करून. माइकची जाळी मुठीत धरून गायची फॅशन आहे, फोटोत छान दिसते. पण मागच्या फटी झाकल्या की माइक चारही बाजूंनी ऐकू लागतो आणि शिट्टी मारतो. पेटीचा माइक भात्यापासून लांब ठेवा, नाहीतर सुरांपेक्षा हवाच जास्त ऐकू येते. पावसाळ्यात तबला दमट हवेने उतरतो आणि स्टेजवरच्या दिव्यांच्या उष्णतेने चढतो, तेव्हा तबलजीला दिव्याखाली निदान पंधरा मिनिटं आधी बसू द्या.

आणि घड्याळ. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. सणासुदीचे ठरावीक दिवस सोडले तर पोलीस येतातच. सत्कार लांबले की वेळ कापली जाते ती गाण्याची. म्हणून माझं सगळ्यात चांगलं गाणं मी आता शेवटी ठेवत नाही.

घरच्या रेकॉर्डिंगचं तंत्र थोडं निराळं आहे. फोनवर होतं का? होतं. पण फोन बनवला आहे बोलण्यासाठी. सतत एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा, गाड्या, गोंगाट, असं त्यातल्या यंत्रणेला वाटतं आणि ती तो पुसून टाकते. तानपुरा एकसारखाच वाजत असतो. एका ऑनलाइन बैठकीत माझा तानपुरा असा पुसला गेला की ऐकणाऱ्यांना वाटलं, मी तो लावलाच नाही. शिवाय हळू आलाप ती वर उचलते आणि जोरकस तान दाबते, म्हणजे गाण्यातला सगळा चढउतार इस्त्री फिरवल्यासारखा सपाट. जिथे ही ‘सुधारणा’ बंद करता येते तेच अ‍ॅप वापरा. यूएसबीने जोडायचा साधा इंटरफेस मिळाला तर उत्तमच.

ब्लूटूथचा हेडफोन लावून दुसरा ट्रॅक गायचा प्रयत्न करू नका. कानात आवाज उशिरा पोचतो, कळत नकळत तुम्ही मागे ओढले जाता, आणि दोष लयीला लागतो. तारेचा साधा इअरफोन चालेल. आणखी एक चकवा सॅम्पल रेटचा. व्हिडिओवाले ४८ किलोहर्ट्झवर काम करतात, सीडीची परंपरा ४४.१ची. गाणं ४८ वर घेतलं आणि कुणी ते ४४.१ समजून वाजवलं, तर ते लांबतं आणि सूर उतरतो. काळी एकमध्ये गायलेलं पांढरी एकच्याही खाली घसरतं, तेही दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी. मग त्यावर पेटी बसवायला जाल तर जन्मात बसणार नाही. पहिल्याच दिवशी सगळ्यांनी एक आकडा ठरवावा.

माइकवर खर्च करण्याआधी खोलीकडे बघा. चार भिंती, फरशी आणि खिडकीची काच असली की महागडा माइक ती काचच ऐकतो. जाड गोधड्या, साड्यांनी भरलेलं उघडं कपाट, गाद्या हे सगळं कामाला येतं. फक्त गोधडी माइकच्या मागे लावून उपयोग नाही, माइकला तिकडचं फारसं ऐकूच येत नसतं. ती गाणाऱ्याच्या पाठीशी हवी. खालच्या रस्त्यावरच्या ट्रकची गुरगुर मात्र गोधडीने थांबत नाही, त्यासाठी पहाटेच उठावं लागतं. तोंड आणि माइक यांच्यात वीतभर अंतर ठेवा, आणि मीटर उणे बाराच्या पुढे जाऊ देऊ नका. आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही.

अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंग्स्टीनचा १९८२चा ‘नेब्रास्का’ हा अल्बम घरातल्या खोलीत, चार ट्रॅकच्या कॅसेट मशीनवर, दोन साध्या माइकांवर झाला. नंतर तीच गाणी मोठ्या स्टुडिओत पूर्ण बँडसह करून पाहिली, पण शेवटी बाजारात आली ती कॅसेटच. नव्या पोरांना हा अर्धा किस्सा आवडतो. उरलेला अर्धा असा, की ती कॅसेट तो कव्हरशिवाय खिशात घालून हिंडत होता आणि तिच्यावरून धड रेकॉर्ड कापून घेताना तंत्रज्ञांना घाम फुटला होता. तुमच्या फोनमध्ये आत्ता अशा किती चाली आहेत, ज्यांची दुसरी प्रत कुठेच नाही? नवा माइक पुढच्या महिन्यात घ्या. त्या चाली आज रात्रीच दुसरीकडे उतरवून ठेवा.