टी. नगरमधला एक दिवस: आधी हिशेब, मग खरेदी

तिरुपतीचे दर्शन आटोपले की आपल्याकडची बरीच कुटुंबे एक दिवस चेन्नईसाठी राखून ठेवतात. तीन-साडेतीन तासांचा तर प्रवास. घरात लग्न ठरलेले असेल तर कांजीवरम घ्यायची असते आणि पावले टी. नगरकडे वळतात. टी. नगर म्हणजे त्यागराय नगर. जस्टिस पार्टीचे नेते पी. त्यागराय चेट्टी यांचे नाव दिलेली ही वस्ती १९२० च्या दशकात उभी राहिली. आज साड्या, सोने, स्टीलची भांडी आणि खाणे यांची एवढी दाटी देशात थोड्याच ठिकाणी सापडेल. वर्षभर साठवलेले पैसे एका दुपारी संपवण्याची सोयही इथे उत्तम आहे.

समजा, आपण दरमहा २,००० रुपयांची आवर्ती ठेव वर्षभर चालवली. साडेसहा टक्के दराने मुदतीअखेर साधारण २४,८५० रुपये हातात येतात. घरीच कागदावर मांडा: साडी १२,०००, मुलांचे कपडे ५,०००, भांडी ३,०००, खाणे आणि शहरातला प्रवास १,५००. बेरीज २१,५००. उरलेले ३,३५० रुपये खात्यात राहू द्या. दुकानात सोबतचे कोणी तरी ‘एवढ्या लांब आलोच आहोत, तर’ असे म्हणतेच. त्या वेळी हा कागद खिशात असावा.

निघण्यापूर्वी बँकेच्या अ‍ॅपमधून डेबिट कार्डाची खरेदीची दैनंदिन मर्यादा ठरवलेल्या रकमेएवढी करा. किरकोळ खर्चासाठी यूपीआय लाइटमध्ये पैसे भरून ठेवा. त्यात ५,००० रुपयांपर्यंत शिल्लक राहते आणि एका वेळी १,००० रुपयांपर्यंत पिनशिवाय देता येतात, त्यामुळे गर्दीत पिन टाकावा लागत नाही. एटीएमबाबत एक फरक ध्यानात घ्या. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर आपल्या गावी महिन्याला पाच व्यवहार मोफत असतात, पण चेन्नई महानगर असल्याने तिथे तीनच. शिल्लक पाहिली तरी तो एक व्यवहार धरला जातो. पुढच्या प्रत्येक व्यवहाराला बँक २३ रुपयांपर्यंत आणि वर कर आकारू शकते.

चेन्नई सेंट्रलसमोरच्या पार्क स्थानकावरून तांबरमकडे जाणारी लोकल घ्या आणि मांबलमला उतरा. तिकीट पाच-दहा रुपयांचे. स्थानकाबाहेर लगेच रंगनाथन स्ट्रीट लागते, पण तिथे आधी शिरू नका. स्वस्त वस्तूंच्या त्या गल्लीत शंभर-दोनशे करत दोन हजार कधी जातात ते कळत नाही, आणि पिशव्या दिवसभर वाहाव्या लागतात त्या वेगळ्याच. सरळ उस्मान रोडने पनगल पार्ककडे चला. सकाळी साडीची दुकाने निवांत असतात, विक्रेता दहा साड्या उलगडून दाखवतो. १९२८ पासूनचे नल्ली याच भागात आहे. रेशमासाठी सिल्क मार्कची खूण पाहा आणि जर अस्सल आहे की नाही, हे बिलावर लिहून मागा. आडी महिन्यात, म्हणजे साधारण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, तिकडेही आपल्या आषाढासारखीच लग्ने नसतात. त्यामुळे दुकाने मोठी सूट देतात. लग्न पुढे असेल तर सहल तेव्हा ठेवावी.

दुपारी केळीच्या पानावरचे जेवण, नंतर फिल्टर कॉफी. या खर्चात काटकसर करू नये, असे माझे मत आहे.

खरी परीक्षा असते सोन्याच्या दुकानात. तिथल्या फलकावर भाव ग्रॅमचा आणि सवरनचा असतो. सवरन म्हणजे ८ ग्रॅम. आपण तोळा १० ग्रॅमचा धरतो, त्यामुळे आकडा पाहून ‘इथे सोने स्वस्त’ असे वाटते. तसे काही नसते. शिवाय घट, म्हणजे वेस्टेज, टक्क्यांत लावतात. ती १० टक्के असेल तर ८ ग्रॅमच्या दागिन्याला ८.८ ग्रॅमचे पैसे पडतात. त्यावर ३ टक्के जीएसटी. दागिन्यावर सहा अक्षर-अंकी एचयूआयडी आहे ना, ते बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर तो लागतोच.

काउंटरवरच अकरा हप्त्यांची योजनाही सुचवतात. एक खातेदार बाई अशाच एका दुकानात दरमहा दीड हजार भरू लागल्या. सहाव्या महिन्यात घरी आजारपण आले आणि त्या आमच्या शाखेत आल्या. त्यांना ते पैसे मुदत ठेवीसारखे मोडून हवे होते. पण ते बँकेत नव्हतेच. दुकानाच्या अटींप्रमाणे रोख परत मिळणार नव्हती, दागिनाच घ्यावा लागणार होता, तोही चेन्नईला जाऊन. शेवटी आम्ही त्यांच्या आवर्ती ठेवीवर कर्ज दिले. अशा हप्त्यांना बँकेच्या ठेवींसारखे ५ लाखांपर्यंतचे विमा संरक्षण नसते. दुकान चांगले असेलही, पण जिथे वर्षातून एकदाही जाणे होत नाही तिथे हप्ता बांधून घेऊ नका.

रंगनाथन स्ट्रीटला परतीच्या वाटेवर जा, कागदावरच्या ३,००० रुपयांपुरते. संध्याकाळी गर्दी वाढते, तेव्हा पाकीट पुढच्या खिशात ठेवा. क्यूआर स्कॅन केल्यावर दुकानाचे नाव वाचून मगच पैसे द्या. ‘परतावा देतो, पिन टाका’ असे कोणी म्हटले तर टाकू नका, पैसे मिळवायला पिन लागत नाही. फसवणूक झालीच तर १९३० वर आणि आपल्या बँकेला त्याच दिवशी कळवा.

पाय शिल्लक असतील तर पाँडी बाजारात फेरी मारा. २०१९ मध्ये तिथे रुंद पदपथ झाले आहेत, बसायला जागा आहे. बाकांवर बसून बिले एकत्र लावा आणि कागदाशी ताडून पाहा. बदलून घ्यायचे काही असेल तर ते आजच, दुकान बंद व्हायच्या आत.