हेमंतातल्या संध्याकाळचा मारवा

प्रश्न : पुण्यात थंडी सुरू होताना संध्याकाळी ऐकावा असा एक अल्बम सुचवाल का?

उत्तर : उस्ताद अमीर खाँ यांची मारवा आणि दरबारी या रागांची एलपी ऐका. ‘हेमंत’ नावाचाच राग असताना तो का नको, असं कुणी विचारेल. पण वर्षा आणि वसंत वगळले तर आपल्या रागांचं नातं ऋतूपेक्षा प्रहराशी घट्ट आहे. डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनपेक्षा तासभर आधी. त्यामुळे मारव्याची, म्हणजे सूर्यास्ताची, वेळ कामाच्या गडबडीतच येते. पंचम वर्ज्य, षड्जावरचा विसावा लांबणीवर टाकलेला, म्हणून या रागातली हुरहूर लवकर पडणाऱ्या अंधाराला नेमकी भेटते. फार उदास वाटेल, हा आक्षेप खरा. पण खाँसाहेबांची अतिविलंबित लय त्या उदासीला धीर देते. दरबारी मात्र जेवणानंतर, रात्रीच लावा.