टोमॅटोच्या मुळांवरील गाठी : निंबोळी पेंड व झेंडूचा उपयोग

नाशिकच्या द्वारका चौकाजवळून हंगामात टोमॅटोच्या गाड्या मुंबई-पुण्याकडे जातात. हा माल पिकविणाऱ्या शेतांत टोमॅटो, वांगी, मिरची पुन्हा पुन्हा घेतल्यास मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी वाढते. झाड खुरटते, पाणी असूनही दुपारी मलूल दिसते. खत कमी पडले असे समजून युरिया दिला जातो; तो खर्च वाया जातो. प्रथम एक झाड हलकेच उपटून पाहावे. हरभरा, भुईमुगाच्या मुळांवरील नत्राच्या गाठी नखाने सहज सुटतात. सूत्रकृमीच्या गाठी म्हणजे सुजलेले मूळच, त्या सुटत नाहीत.

अर्धा मिलिमीटरहून लहान पिल्लू मुळात शिरते. मादी तेथेच राहून शेकडो अंडी घालते व उष्ण जमिनीत महिन्याभरात नवी पिढी तयार होते. मुळात शिरलेल्या किडीपर्यंत वनस्पतिजन्य औषध फारसे पोचत नाही. म्हणून उपाय लागवडीपूर्वीच करावा. पानांवर निंबोळी अर्क फवारून या किडीचे काहीच बिघडत नाही.

पूर्वी जमिनीत फोरेट टाकीत. केंद्र शासनाच्या २०१८ च्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२० पासून त्याचा वापर बंद झाला.

निंबोळी पेंड हेक्टरी २ टन, म्हणजे एकरी सुमारे ८ क्विंटल, लागवडीपूर्वी दोन ते तीन आठवडे मातीत मिसळून ओल द्यावी. पेंड कुजताना सुटणारा अमोनिया व कडू द्रव्ये सूत्रकृमीस मारक ठरतात. मात्र ताज्या पेंडीत लगेच रोपे लावल्यास कोवळी मुळे भाजतात. एवढी पेंड परवडत नसेल तर निदान रोपवाटिकेत तरी कसूर करू नये, कारण गाठीचे रोप कीड घेऊनच शेतात येते. रोपवाटिकेची ओली जमीन एप्रिल-मे महिन्यांत चार ते सहा आठवडे पारदर्शक प्लॅस्टिकने झाकून तापवावी.

झेंडूच्या मुळांतील अल्फा-टर्थिएनिल हे द्रव्य सूत्रकृमीस घातक आहे. परंतु टोमॅटोत अधूनमधून लावली जाणारी झेंडूची ओळ हिरव्या बोंडअळीसाठी असते. तिचा सूत्रकृमीशी संबंध जोडू नये. येथे झेंडू सलग व दाट, निदान दोन-तीन महिने हवा. दसरा-दिवाळीच्या फुलांचे पीक घेऊन त्याच रानात टोमॅटो लावणे सोयीचे पडते.

पीक संपल्यावर झाडे नुसती कापू नयेत; मुळांसकट उपटून, वाळवून जाळावीत. खड्ड्यात टाकलेल्या गाठी पुढे शेणखताबरोबर शेतात परत येतात.