टेबल मोजलं, कार्डं मोजली नाहीत

कोपरखैरण्याच्या आमच्या सिडकोच्या घरात संगणकाला जागा एकच, खिडकीखालची दीड फूट. तिथे मावेल एवढंच डोक्यात ठेवून मी मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड घेतला, 170 बाय 170 मिलिमीटरचा. लॅमिंग्टन रोडवरून सगळं सामान दोन पिशव्यांत घालून लोकलने आणलं.

मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. तीन महिन्यांनी ओळखीच्या एका कुटुंबाने जुन्या मिनीडीव्ही कॅसेटी आणून दिल्या. त्या कॅसेटी कॅमेऱ्यातून संगणकावर उतरवायला फायरवायर पोर्ट लागतं, म्हणजे आणखी एक कार्ड. मिनी-आयटीएक्सवर अशा कार्डांसाठी स्लॉट एकच असतो, आणि त्यात माझं ग्राफिक्स कार्ड आधीच बसलेलं. रॅमचीही तीच अडचण. जागा दोन, दोन्हींत 8 जीबीच्या पट्ट्या. 32 जीबी करायची तर दोन्ही काढून ठेवायच्या.

शेवटी मायक्रो-एटीएक्स बोर्ड घेतला. तो जास्तीत जास्त 244 बाय 244 मिलिमीटर, त्यावर चारपर्यंत स्लॉट मिळतात आणि रॅमला बहुधा चार जागा. पण माझ्या कॅबिनेटमध्ये तो बसणार कसा? कॅबिनेटही बदलावं लागलं. हे आधी कळायला हवं होतं: मिनी-आयटीएक्सची स्क्रूची चार भोकं मोठ्या बोर्डांच्या मापाशी जुळवलेली असतात, म्हणून लहान बोर्ड मोठ्या कॅबिनेटमध्ये सहज बसतो. उलट कधीच नाही. शंका असेल तर कॅबिनेट एक माप मोठं घ्या. नवं कॅबिनेट उभं आणि अरुंद आहे, टेबलावर चार बोटंच जास्त जागा घेतं.

कॅबिनेट निवडताना त्यात किती उंचीचा कूलर, किती लांबीचं ग्राफिक्स कार्ड आणि कोणत्या मापाचा एसएमपीएस बसतो, तेही वाचा. अगदी लहान कॅबिनेटना बऱ्याचदा एसएफएक्स या लहान मापाचा एसएमपीएस लागतो, जुना एटीएक्स एसएमपीएस त्यात शिरत नाही. शिवाय खाडीकाठच्या मे महिन्यात हवा खेळायला आत मोकळी जागा लागतेच.

पुढच्या पाच वर्षांत कोणती कार्डं लावाल, ते दुकानात जाण्याआधी कागदावर लिहा. ग्राफिक्स कार्डाखेरीज एकही नाव आलं नाही, तर मिनी-आयटीएक्स खुशाल घ्या. अभ्यासाला, हिशेबाला तो उत्तम.

माझ्या या बदलाबदलीत महिना गेला आणि पाऊस सुरू झाला. एक तासाची कॅसेट उतरवायला एक तासच लागतो, सगळं काम चार दिवसांचं होतं. मी सुरुवात केली तेव्हा दोन कॅसेटींना बुरशी धरली होती. एकीत सीमांतपूजन होतं, दुसरीत पाठवणी.