पडद्याचं आयुष्य मोठं असतं

बाळा, ऑफिसांतून, डीटीपीच्या दुकानांतून, शाळांच्या कॉम्प्युटर लॅबमधून आता जुन्या ऑल-इन-वन मशिनी बाहेर पडताहेत. प्रोसेसर मागे पडला, नवी सिस्टीम चढत नाही, म्हणून त्या भंगाराच्या भावात जातात. पण पडदा बहुतेक वेळा धडधाकट असतो. २००९ च्या २७ इंची आयमॅकमध्ये २५६० बाय १४४० चा आयपीएस पडदा आहे. तो फेकण्याच्या लायकीचा खचित नाही. जुने टीव्ही गेम खेळायला असा पडदा फार कामाचा. म्हणून या कामातलं मला जे माहीत आहे ते तुला सांगून ठेवतो.

आधी वाच, मग उघड. मशीन हाती आलं की स्क्रूड्रायव्हर लांब ठेव आणि मागची, बाजूची सगळी सॉकेटं नीट वाच. एचडीएमआय दिसलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. बहुतेक मशिनींत ते चित्र बाहेर पाठवण्यासाठी असतं. शेजारी ‘इन’ लिहिलेलं असेल तरच बाहेरचं चित्र आत येतं. काही मॉडेलांत ही सोय आहे, आणि सोर्स बदलायचं बटणही असतं. ते सापडलं तर काहीही न खोलता काम झालं.

आयमॅक घेताना साल विचार. २००९ च्या अखेरचं आणि २०१० चं २७ इंची मॉडेल मिनी डिस्प्लेपोर्टमधून बाहेरचं चित्र घेतं. त्याच वर्षांच्या २१.५ इंचीला ही सोय नाही. २०११ पासून २०१४ च्या मध्यापर्यंतची मॉडेलं फक्त थंडरबोल्टचं चित्र घेतात, त्यामुळे गेमचा कन्सोल किंवा रास्पबेरी पाय त्यांना सरळ जोडता येत नाही. २०१४ च्या अखेरीस ५के पडदा आला आणि ही सोय गेलीच. ज्यांना ती आहे त्यांत सिस्टीम हाय सिएरा किंवा त्याआधीची हवी. मशीन चालू करून कमांड आणि एफ२ दाबायचं. एचडीएमआयवरून मिनी डिस्प्लेपोर्टला जायचं तर सिग्नल खरोखर बदलणारा अॅक्टिव्ह कन्व्हर्टर घे. बाजारातल्या साध्या केबली उलट्या दिशेच्या असतात, त्या इथे चालणार नाहीत.

मशीन चालू असेल तर त्यालाच खेळू दे. पेन ड्राइव्हवर बॅटोसेरा किंवा लाका ही जुने गेम चालवणारी सिस्टीम चढव आणि मशीन त्यावरून सुरू कर. हार्ड डिस्कला हातही लावावा लागत नाही. इंटेलच्या आयमॅकवर सुरू होताना ऑप्शन की दाबून धर, म्हणजे पेन ड्राइव्ह निवडता येतो. आठ आणि सोळा बिटांच्या गेमना कोअर टू ड्युओसुद्धा पुरतो. गेम मात्र आपल्या मालकीच्या कॅसेटींमधले किंवा बनवणाऱ्यांनी मोफत दिलेलेच वापर.

पट मोजायला शिक. बाकी सगळं विसरलास तरी हे विसरू नकोस. जुन्या टीव्ही गेमचं चित्र साधारण २४० ओळींचं असतं. पुष्कळ गेम त्यातल्या २२४ ओळीच वापरतात. एलसीडीच्या ओळी ठरलेल्या असतात. गेमची प्रत्येक ओळ पूर्ण पटीत मोठी झाली तर चित्र रेखीव येतं. अपूर्णांकात ताणलं की काही ओळी जाड, काही बारीक होतात आणि मैदान सरकताना चित्र थरथरतं.

आता हिशेब कर. १४४० ओळींच्या पडद्यावर २४० बरोबर सहापट बसतात. गेम बॉयच्या १४४ ओळी दहापट, गेम बॉय अॅडव्हान्सच्या १६० ओळी नऊपट. डॉसचे गेम ३२० बाय २०० चे. ते आडवे पाचपट आणि उभे सहापट केले की १६०० बाय १२०० होतात, म्हणजे नेमकं चारास तीन. जुन्या गेमसाठी २७ इंची आयमॅक शोध असं मी सांगतो ते या आकड्यांमुळे.

१०८० च्या पडद्यावर २४० साडेचार पट होतात. तिथे चौपट कर आणि वर-खाली साठ-साठ ओळी काळ्या राहू दे. स्वस्तातल्या १६०० बाय ९०० च्या पडद्यालाही कमी लेखू नकोस: २२४ ओळी चौपट केल्या की ८९६ होतात, जवळजवळ पूर्ण पडदा भरतो. १३६६ बाय ७६८ वर २४० ची तिप्पट, ७२० बसते. गेम चालवणाऱ्या रेट्रोआर्च प्रोग्रॅममध्ये ‘इंटिजर स्केल’ चालू केलं की हा हिशेब ते स्वतः सांभाळतं. चारास तीनचं चित्र रुंद पडदाभर ताणू नकोस. दोन्ही बाजूंना काळी जागा राहिली तरी चालेल, मारिओ जाडा दिसता कामा नये.

उशीर कुठे शिरतो ते शोध. सेकंदाला साठ चित्रं, म्हणजे एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंदांचं. बटण दाबल्यावर तीन-चार चित्रांचा उशीर झाला तरी उडी चुकते. यूएसबी कॅप्चर कार्ड लावून मशीनच्या पडद्यावर कन्सोल दाखवता येतो, पण हा उशीर तिथेच शिरतो. पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांचे स्वस्त एचडीएमआय कन्व्हर्टरही २४० ओळींच्या चित्राला ४८० ओळींचं इंटरलेस्ड समजून पुसट करतात. खरा कन्सोल जोडायचा असेल तर ओएसएससी किंवा रेट्रोटिंकसारखा, जुन्या गेमसाठीच बनवलेला स्केलर घे. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या कन्सोलचं चित्र ५० हर्ट्झचं असतं. पडदा ते घेतो का, हे पैसे देण्याआधी तपास. बदकं मारायच्या जुन्या गेमची बंदूक कोणत्याही एलसीडीवर चालत नाही. ती पिक्चर ट्यूबच्या वेळेवर बेतलेली आहे, तिच्यासाठी जुना टीव्ही जपून ठेव.

नंबर पाहिल्याशिवाय बोर्ड घेऊ नकोस. मशीन मेलेलंच असेल तर पडद्याला वेगळा कंट्रोलर बोर्ड लावायचा. २०११ पर्यंतच्या अॅल्युमिनियमच्या आयमॅकची काच लोहचुंबकांवर बसलेली असते, सक्शन कपने अलगद निघते. २०१२ पासून पडदा चिकटपट्टीने डकवलेला आहे. ती कापायला धीर लागतो आणि परत बसवायला नवी पट्टी. आत पॅनलच्या पाठीवर त्याचा मॉडेल नंबर असतो. तो उतरवून घे आणि दुकानदाराला तोच दाखव. जोडणी एलव्हीडीएस आहे की ईडीपी, बॅकलाइट एलईडीचा आहे की ट्यूबलाइटचा, हे त्या नंबरावरून ठरतं. कंट्रोलरवर पॅनलच्या व्होल्टेजचा जंपर असतो: ३.३, ५ किंवा १२. चुकीच्या जागी लावलास तर पॅनल क्षणात जातं. जंपर मल्टीमीटरने तपासल्याशिवाय पॅनलची केबल जोडायची नाही. आणि प्लग काढला तरी पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो, त्या भागाला बोट लावू नकोस.

पिक्चर ट्यूबवाल्याला हात लावू नकोस. १९९८ चा रंगीत आयमॅक मिळाला तर त्याची पाठ खोलायची नाही. ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट साठून राहतात. शिवाय ती ट्यूब टीव्हीपेक्षा सुमारे चौपट वेगाने ओळी काढते, त्यामुळे टीव्ही गेमचा सिग्नल तिला चालतच नाही. असं मशीन चालू असेल तर अख्खं ठेव आणि त्याच्या काळातले मॅकचे गेम त्यावरच खेळ.

उरलेलं नीट मार्गी लाव. हार्ड डिस्क पुसल्याशिवाय घराबाहेर जाऊ देऊ नकोस. त्यात कुणाचे तरी हिशेब आणि फोटो असतात. जुन्या बॅकलाइटच्या नळ्यांत पारा असतो, त्या फुटू देऊ नकोस. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. उरलेले बोर्ड आणि सेल नोंदणीकृत रिसायकलरकडेच दे.

आणि झाकण लावण्याआधी शेवटचं काम: पॅनलचा नंबर, कंट्रोलरचं मॉडेल, जंपर कुठे आहे आणि अडॅप्टर किती व्होल्टचा, हे कागदावर लिहून आतल्या बाजूला चिकटव. तुझ्यानंतर जो उघडेल त्याला सगळं पहिल्यापासून शोधायला लागता कामा नये.